पावसाचे आलेख: तयार साचा की तुकडे जोडून?

पूर्णाकाठ

नमस्कार मंडळी. परभणीहून लिहायलो.

आमचा एक छोटा गट मराठवाड्यातल्या महसूल मंडळांचा रोजचा पाऊस आणि मोठ्या धरणांचा साठा एका पानावर मांडतोय. बघणारे जवळपास सगळे मोबाइलवालेच. आतापर्यंत चार्ट-जेएस या जावास्क्रिप्टच्या तयार लायब्ररीवर भागलं. सेटिंगची एक लांब यादी लिहायची, त्यात रंग, अक्ष, मथळा सगळं भरायचं, की आलेख तयार. त्याबद्दल तक्रार नाही.

पण मागण्या वाढल्यात. यंदाचा साठा मागच्या वर्षांच्या रेघांवर ठेवून बघायचाय, आणि वर्ष जानेवारीपासून नको, १ जूनपासून हवं. वर पाऊस, खाली धरण असे दोन आलेख हवेत. एकावर बोट ठेवलं की दुसऱ्यावरही तीच तारीख उजळली पाहिजे. दर मागणीला मी त्या यादीवर आणखी एक ठिगळ लावतोय.

परवा एल्म भाषेतली एल्म-चार्ट्स लायब्ररी बघितली. तिथं आलेख म्हणजे छोट्या छोट्या फंक्शनची यादी. अक्ष एक तुकडा, खांब एक, रेघ एक, टूलटिप (बोट ठेवलं की उघडणारी चिठ्ठी) एक. हवे ते घ्या आणि एकावर एक मांडा. वेगा-लाइट आणि पायथनमधलं अल्टेअरही त्याच घराण्यातलं दिसतंय. अशा कामात हे शिकायचा वेळ वसूल होतो का? कुणी खरंच वापरलंय का? जाहिरात नको, अनुभव सांगा.

काळीभोर

आधी जायकवाडी किती टक्के ते सांगा. आलेखाचं मागून बघू.

पूर्णाकाठ

काळीभोर, ते सांगायसाठीच तर हा सगळा खटाटोप :)

देवणी

मूळ उदगीरचा, सध्या पुण्यात. पोटापाण्याचं काम हेच.

वसूल होतो. कशामुळे ते जरा खोलात सांगतो, कारण 'फंक्शनल', म्हणजे छोटी फंक्शनं जोडून काम करणं, म्हटलं की निम्मे लोक तिथूनच परत फिरतात.

आलेखातली मोजपट्टी, म्हणजे स्केल, हे एक फंक्शन आहे. आत दलघमी (दशलक्ष घनमीटर) जातात, बाहेर पिक्सेल येतात. वाचकानं बोट ठेवलं की उलटा रस्ता लागतो, पिक्सेल आत आणि तारीख बाहेर. डी-३ या जावास्क्रिप्ट लायब्ररीत स्केलला 'इन्व्हर्ट' जोडून दिलंय ते यासाठीच.

आता तुमचा १ जून. एल्म-चार्ट्समध्ये मालिका देताना 'क्ष कुठून काढायचा' हे तुम्ही फंक्शन म्हणूनच देता, 'य'चंही तसंच. तारखेच्या जागी '१ जूनपासून कितवा दिवस' हे फंक्शन ठेवा. बाकी काहीच हलवायचं नाही. आणि टूलटिपच्या हातात अख्खी मूळ नोंद येते, त्यामुळे तिथं खरी तारीखच दिसते. तयार साच्यात तुम्ही आकडेच बदलून भरणार आणि मग टूलटिपमध्ये '१२ ऑगस्ट'च्या जागी '७३' झळकणार, तो निस्तरायला आणखी एक ठिगळ.

कल्पना जुनी आहे. लिलँड विल्किन्सन यांनी १९९९ मध्ये आलेखांचं व्याकरण मांडलं. त्यावरून हॅडली विकम यांनी आर भाषेत जीजीप्लॉट-२ बांधलं, तिथं थरावर थर अधिक चिन्हानं चढतो. डी-३ आलं २०११ मध्ये. वेगा-लाइट वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री हीअर यांच्या प्रयोगशाळेत तयार झालं आणि त्यांनी पुढची उडी मारली: वाचकानं काय निवडलं, हाही आलेखाचा एक घटक धरला, रंग किंवा आकारासारखाच.

सरळरेघ

देवणी, छान लिहिलंय, पण एक पान आणि दोन आलेख आहेत. त्यासाठी नवी भाषा? चार्ट-जेएसला स्वतःचं प्लगिन लिहिता येतं, दोन आलेखांत तारीख जुळवायला पन्नासेक ओळी पुरतात. एल्मची शेवटची आवृत्ती ०.१९.१, आली २०१९ मध्ये. उद्या पूर्णाकाठ नोकरीसाठी हैदराबादला गेले तर हे पान सांभाळणारा परभणीत कोण मिळणार?

तुराटी

जगात जर्मनी, भारतात परभणी. मिळेल की.

सरळरेघ

जर्मनीत मिळेल, परभणीत शोधावा लागेल.

निलंगा राइस

आमच्या भाषेत सांगू का? ती सेटिंगची लांब यादी म्हणजे वेळा अमावस्येची भज्जी. सगळं एकाच भांड्यात शिजलेलं, चवीला झकास, पण एकदा शिजल्यावर त्यातला वाटाणा काढून दुसऱ्या भाजीत टाकता येत नाही.

काळीभोर

भज्जीत वाटाणा? आमच्याकडं तुरीचे दाणे, हरभरा, वाल. वाटाणा म्हणजे शहरी कारभार.

निलंगा राइस

ताकातलं बेसन तरी मान्य आहे ना? मग वाटाण्यावरून वाद नको.

तुराटी

आणि आंबील कुठल्या थरात येते? वरच्या की खालच्या?

अनामिका_नांदेड

भज्जीवाले जरा थांबा, जेवायची वेळ आहे.

सरळरेघ यांचा मुद्दा सांभाळणाऱ्या माणसाचा आहे आणि तो बरोबर आहे. पण 'पन्नासेक ओळी' म्हटलं तिथं माझा आक्षेप. मी महाविद्यालयात शिकवते, मुलांच्या प्रकल्पात ह्याच पन्नास ओळी दरवर्षी बघते. पहिल्या आलेखाजवळ त्याची स्वतःची 'आत्ता बोट कुठं आहे' ही माहिती, दुसऱ्याजवळ त्याची. पहिला दुसऱ्याला कळवतो, दुसरा बदलला म्हणून तो परत पहिल्याला कळवतो. मग तो फेरा तोडायला एक झेंडी लावायची. तिसरा आलेख आला की झेंड्या तीन.

एल्ममध्ये आलेखाजवळ काहीच नसतं. 'कोणती तारीख उजळलीय' हे एकाच ठिकाणी, मॉडेलमध्ये. बोट हललं की एक संदेश जातो, मॉडेल बदलतं आणि दोन्ही आलेख नव्यानं त्यावरून काढले जातात. दोघांना एकमेकांचा पत्ताही नसतो. जावास्क्रिप्टमध्ये रिडक्स ही लायब्ररी आहे, तिच्या कर्त्यांनीही ही रचना एल्मवरूनच घेतली आणि तसं मोकळेपणानं लिहिलंय. म्हणजे एल्म न घेताही हे करता येतं. भाषा बदलणं आणि माहिती एका जागी ठेवणं, हे दोन वेगळे निर्णय आहेत, पूर्णाकाठ. दुसरा आज घ्या, पहिल्याचं सावकाश बघा.

पूर्णाकाठ

ताई, हे पटलं. झेंड्यांचं तर अगदी आमच्या घरचंच सांगितलंत.

मोजमाप

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त. कोडमधलं कळत नाही, पण आलेख आयुष्यभर काढले, तेही मिलीमीटर कागदावर. तीन गोष्टी सांगतो.

पहिली, टक्के कशाचे? जायकवाडीचा एकूण साठा २९०९ दलघमी, म्हणजे १०२.७ टीएमसी (अब्ज घनफूट). त्यातला उपयुक्त २१७१, म्हणजे ७६.६५ टीएमसी. उरलेला ७३८ दलघमी मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वाटेनं सोडता न येणारं तळाचं पाणी. वर्तमानपत्रातला टक्का उपयुक्त साठ्याचा असतो. शून्य टक्के छापून आलं की लोकांना वाटतं नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, कोरडा पडला, पण त्या दिवशीही तिथं २६ टीएमसी पाणी असतं.

दुसरी, पाणी मृतसाठ्यात उतरलं की टक्का उणे होतो. उजनीच्या बातम्यांत उणे टक्के तुम्ही वाचले असतील. तुमचा अक्ष शून्यावर कापलेला असेल तर ती रेघ तळाला चिकटून सपाट दिसेल, नेमकी ज्या उन्हाळ्यात बघायची त्याच उन्हाळ्यात.

तिसरी, पाऊस वरून खाली लोंबता काढा. जलशास्त्रात तशीच पद्धत आहे. वरच्या कडेपासून पावसाचे खांब खाली येतात, खालून साठ्याची रेघ वर चढते. दोन्ही एकमेकांच्या अंगावर येत नाहीत.

देवणी

काका, तुमची तिसरी गोष्ट म्हणजे या पद्धतीचं उत्तम उदाहरण. लोंबता पाऊस काढायला नवा प्रकारचा आलेख लागतच नाही. मोजपट्टीचं बाहेरचं टोक उलटं करायचं. शून्य मिलीमीटर वरच्या कडेला, शंभर खाली. खांब काढणाऱ्या फंक्शनला त्याची खबरही नसते.

पहिल्याचंही तसंच. 'टक्के उपयुक्ताचे' आणि 'टक्के एकूणचे' ही दोन छोटी फंक्शनं लिहा आणि वाचकाला वर एक बटण द्या. बटण दाबलं की मोजमाप बदलतं, आलेख तोच.

सरळरेघ

बटण देऊ नका. गावातल्या माणसाला दोन वेगळे टक्के दाखवले की तो दोन्हीवरचा विश्वास सोडतो. उपयुक्ताचा टक्का ठेवा, मृतसाठ्याची पट्टी खाली राखाडी रंगात दाखवा. झालं.

मोजमाप

सरळरेघांशी सहमत. पट्टी दाखवली की पाणी डोळ्याला दिसतं.

बालाघाट

मी पाटोद्याकडचा, शेती करतो. जरा वेगळं बोलायचंय.

पैठणला पाऊस पडला म्हणून जायकवाडी भरत नाही. जायकवाडी भरतं नाशिक-नगरच्या पावसावर. गंगापूर, दारणा भरली, नांदूर मधमेश्वरातून पाणी सुटलं की मग गोदावरी आमच्याकडं येते. वर मराठवाड्याचा पाऊस लोंबता आणि खाली जायकवाडीची रेघ, असा आलेख केलात तर माणूस म्हणणार, पाऊस नाही तरी धरण भरतंय, काहीतरी घोळ आहे. नाहीतर उलटं, इथं पाऊस झोडपतोय आणि धरण ढिम्म.

मांजराचं तसं नाही. ती आमच्याच डोंगरातून निघते. तिथं वरचा पाऊस आणि खालचा साठा एकमेकांशी बोलतात.

अनामिका_नांदेड

ही खरी गोष्ट. तुकडे जोडणं जितकं सोपं, तितकं चुकीचे तुकडे जोडणंही सोपं. दोन आलेख एकाखाली एक ठेवले की बघणारा मनात कार्यकारणाचा धागा ओवतोच, आपण ओवला नसला तरी. लायब्ररी कुठलीच अडवणार नाही.

पूर्णाकाठ, जायकवाडीच्या वर नाशिक-नगरच्या पाणलोटाचा पाऊस ठेवा, किंवा नांदूर मधमेश्वरचा विसर्ग क्युसेकमध्ये.

काळीभोर

आणि समन्यायी पाणीवाटपाची रेघ पण टाका. २००५ चा कायदा, १५ ऑक्टोबरला साठा बघायचा, जायकवाडीत ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून सोडायचं. त्या तारखेला एक उभी रेघ आणि ६५ वर एक आडवी. मग बघू कोण काय बोलतंय.

तुराटी

काळीभोर, तुमच्या त्या रेघेवर बोट ठेवलं की टूलटिपमध्ये न्यायालयाची तारीख येणार.

काळीभोर

येऊ द्या. तेवढं तरी इंटरॲक्टिव्ह होईल.

देवणी

विनोद सोडा, कल्पना झकास आहे. दोन रेघा म्हणजे दोन थर. अल्टेअरमध्ये तर शब्दशः बेरीज आहे: साठा अधिक आडवी रेघ अधिक उभी रेघ. शेजारी ठेवायचं तर मध्ये उभी दांडी, वर-खाली ठेवायचं तर अँड चिन्ह. जोडून जे तयार होतं तोही आलेखच, त्यामुळे तो पुन्हा दुसऱ्या आलेखाच्या शेजारी किंवा वर-खाली जोडता येतो. गंमत आहे ती इथं.

अनामिका_नांदेड

अल्टेअरचं निघालंच आहे तर एक ठेच सांगून ठेवते, सगळ्यांना लागते. मुळात त्याला पाच हजार ओळींची मर्यादा घातलेली आहे. त्याच्यावर गेलात की तो आलेख न काढता त्रुटी दाखवतो. मराठवाड्यात चारशेच्या वर महसूल मंडळं, जून ते सप्टेंबर १२२ दिवस, गुणाकार करून बघा. ती मर्यादा बंद करता येते, पण मग सगळे आकडे पानातच भरले जातात आणि मोबाइल गरम होतो. आकडे वेगळ्या फाइलीत ठेवून फक्त तिचा पत्ता द्यावा, किंवा त्याहून बरं म्हणजे आधी जिल्ह्यानुसार गोळा करून मग काढावं.

एल्म-चार्ट्सला अशी मर्यादा नाही, पण ते एसव्हीजी पद्धतीनं काढतं. प्रत्येक खांब पानावरचा वेगळा घटक. पन्नास हजार खांब टाकलेत तर स्वस्तातला फोन झोपणार. वेगा-लाइट कॅनव्हासवर, म्हणजे सगळं एकच चित्र म्हणूनही काढू शकतं, तिथं हा त्रास कमी.

पूर्णाकाठ

फोनवरून आठवलं. एल्म-चार्ट्सच्या बहुतेक नमुन्यांत माऊस फिरवला की टूलटिप दिसते. बोट कुठं फिरतंय तसं? बोट एकतर टेकलेलं, नाहीतर उचललेलं. आणि टेकलं की खालची रेघच झाकून जाते.

देवणी

त्याला दोन उपाय. एक, 'सगळ्यात जवळचा बिंदू' शोधायचा तो फक्त क्ष अक्षावर शोधा. एल्म-चार्ट्समध्ये त्यासाठी वेगळं फंक्शन दिलेलं आहे, क्ष आणि य दोन्ही धरणारं वेगळं. क्ष वालं घेतलं की त्या तारखेच्या उभ्या पट्ट्यात बोट कुठंही टेकलं तरी चालतं, अगदी आलेखाच्या खाली रिकाम्या जागेतसुद्धा. दोन, टूलटिप बोटाजवळ दाखवूच नका. आलेखाच्या माथ्यावर एक ओळ राखून ठेवा, तिथं तारीख आणि आकडा लिहा.

मोजमाप

माथ्यावरची ओळ चांगली. माझ्या वयाच्या माणसांना तरंगणारी चौकोनी चिठ्ठी वाचता येत नाही.

बालाघाट

तुमची सगळ्यांची चर्चा वाचली, पण शेतकऱ्याला काय बघायचं असतं ते कुणी विचारलंच नाही. एकूण पाऊस किती झाला यानं मला काही कळत नाही. सोयाबीन फुलात असताना किती दिवस सलग कोरडे गेले, ते दाखवा. विम्याच्या बोलण्यात २१ दिवसांचा खंड म्हणत आलेत. आणि एका दिवसात ६५ मिलीमीटरच्या वर पडला की अतिवृष्टी. हे दोन मला आलेखावर दिसले पाहिजेत, नाहीतर तुमची ती हलती रेघ काय कामाची.

पूर्णाकाठ

भाऊ, आमच्या गटातले शेतकरीही हेच म्हणायलेत. ६५ ची आडवी रेघ म्हणजे एक थर, ते जमेल. खंडाचं कसं करावं?

देवणी

खंड म्हणजे फोल्ड, यादीवरून एकेक पुढं जात हिशेब जमवत नेणं. हवामान खात्याच्या हिशेबात २.५ मिलीमीटर किंवा जास्त पडला तर तो पावसाचा दिवस. कोडची चाल अशी:

रोजच्या नोंदी
→ फक्त हे मंडळ
→ तारखेनं लावा
→ एकेक दिवस पुढं जा: २.५ च्या खाली असेल तर चालू खंड एकानं वाढवा, नसेल तर खंड बंद करून बाजूला ठेवा
→ २१ किंवा जास्त दिवसांचे तेवढे ठेवा

हातात येते खंडांची यादी, प्रत्येकाला सुरुवात आणि शेवट. तीच यादी आलेखामागं फिकट तांबड्या पट्ट्यांचा थर म्हणून द्या, तीच खाली तक्त्यात छापा. हिशेब एकदाच लिहिलेला, त्यामुळे आलेख एक सांगतोय आणि तक्ता दुसरं, असं होत नाही.

बालाघाट

२१ च्या जागी १५ करून बघता येईल का? आमच्या मुरमाड रानाला २१ लई झाले. काळ्या रानात ओल टिकते, आमच्या इथं नाही.

देवणी

फंक्शनला तो आकडा बाहेरून द्यायचा. पानावर एक सरकपट्टी ठेवली की वाचकच ठरवेल, आपलं रान कसलं आहे त्याप्रमाणे.

सरळरेघ

ही सरकपट्टी मात्र मला मान्य आहे. इथं वाचकाकडं अशी माहिती आहे जी आपल्याकडं नाही.

मोजमाप

एक शंका. ज्या दिवशी यंत्रच बंद होतं, नोंदच आली नाही, तो दिवस तुम्ही शून्य धरणार का?

अनामिका_नांदेड

काका, वाटच बघत होते कुणी विचारतंय का याची.

न आलेली नोंद शून्य धरली तर यंत्र बंद पडल्यामुळे खोटा दुष्काळ तयार होतो, आणि इथं त्या पट्टीवर विम्याचं भांडण उभं राहणार आहे. चार्ट-जेएसमध्ये नल (म्हणजे 'नोंद नाही') दिलं तर रेघ तुटते, एका सेटिंगनं ती सांधताही येते. पण फोल्डच्या हिशेबात जावास्क्रिप्ट मुकाट्यानं नलला शून्य समजून पुढं जातं, तुलना करताना काहीही कुरकुर करत नाही. एल्ममध्ये 'असेल किंवा नसेल' हा प्रकारच वेगळा आहे, मेबी. नसलेल्या दिवसाचं काय करायचं हे लिहिल्याशिवाय कोड कंपाइलच होत नाही. चार्ट्सच्या लायब्ररीतही खांब, रेघ, ठिपके या सगळ्यांचे मेबीवाले प्रकार दिलेत.

एल्मच्या बाजूनं माझ्याकडं एकच जोरदार मुद्दा असेल तर तो हा. थरबीर सगळीकडं मिळतात.

सरळरेघ

टाइपस्क्रिप्टचा, म्हणजे प्रकार तपासणाऱ्या जावास्क्रिप्टचा, कडक मोड लावला तर हेच मिळतं.

अनामिका_नांदेड

बरंचसं मिळतं, जिथं तुम्ही तो लावता तिथं. बाहेरून आलेला जेसॉन (आकड्यांची फाइल) तपासायचा तुम्ही विसरू शकता. एल्म विसरू देत नाही.

बालाघाट

यंत्र चालू असलं तरी एका मंडळात कितीतरी गावं आणि यंत्र एक. आमच्या शिवारात ढग फुटतो आणि मंडळात १२ मिलीमीटर. त्या आलेखावर कुठंतरी लिहा की हा यंत्राजवळचा पाऊस आहे.

पूर्णाकाठ

लिहितो. माथ्यावरच्या त्या ओळीतच मंडळाचं नाव आणि 'यंत्रावरची नोंद' असं येईल.

निलंगा राइस

आकडे मराठीत येणार का? मराठी पानावर इंग्रजी आकडे बघितले की चिडचिड होते.

देवणी

सोपं आहे. ब्राउझरच्या अंक-रचनेला मराठी-भारत हा लोकेल (भाषा-देशाची सेटिंग) दिला की देवनागरी अंक आपोआप येतात, लाख-कोटीच्या स्वल्पविरामासकट. डी-३ मध्ये लोकेल स्वतः लिहायचा, दहा अंकांची यादी आणि तीन-दोन-दोन अशी गटवारी. महिन्यांची नावंही तशीच. आणि अंक छापणं हेही शेवटी एक फंक्शनच, ते अक्षाला दिलं तेच टूलटिपला द्या.

तुराटी

महिने ज्येष्ठ-आषाढ करा. पाऊस त्याच हिशेबानं पडतो.

मोजमाप

पडायचा.

लातूर_२०१६

आत्ताच धागा वाचला. एक विनंती. मांजराच्या आलेखात २०१६ ची रेघ कायम ठळक ठेवा. मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं ते वर्ष. आमच्या पोरांना सांगून खरं वाटत नाही. बाकीच्या वर्षांच्या रेघा फिकट, बोट ठेवलं की गडद, पण ती एक नेहमी दिसू द्या.

अनामिका_नांदेड

नक्की करण्यासारखं. वेगा-लाइटच्या भाषेत: निवडलेलं वर्ष असेल किंवा वर्ष २०१६ असेल तर गडद, नाहीतर फिकट. एका ओळीची अट.

फक्त जूनपासूनच्या वर्षात २०१६ चा तो उन्हाळा २०१५-१६ च्या रेघेवर येतो, हे लक्षात ठेवा.

काळीभोर

आता मुद्द्याचं. पूर्णाकाठ, इतक्या सल्ल्यांनंतर करताय काय?

पूर्णाकाठ

आठवडाभर गटात बोललो, थोडं करूनही बघितलं.

एल्म सध्या नाही. ताईंचा मेबीचा मुद्दा डोक्यात बसलाय, पण आमच्यातले दुसरे दोघं जावास्क्रिप्टच शिकतायत आणि सरळरेघांचा हैदराबादचा टोला खरा आहे. मधला रस्ता म्हणून ऑब्झर्व्हेबल प्लॉट घेतलंय, डी-३ च्याच माणसांचं, २०२१ चं. तिथंही आलेख म्हणजे खुणांची यादी, आणि क्ष-य म्हणून फंक्शन देता येतात. खंडाच्या पट्ट्या, ६५ ची रेघ, पावसाचे खांब असे थर ठेवले, लोंबता पाऊस अक्ष उलटा करून आला. त्यात एकाच चौकटीत दोन वेगळे य अक्ष बसत नाहीत. आधी खटकलं, मग म्हटलं बरंच झालं. वर एक, खाली एक, क्ष ची हद्द दोघांना सारखी, आणि उजळलेली तारीख एकाच ठिकाणी.

हिशेबाची फंक्शनं वेगळ्या फाइलीत काढली, टाइपस्क्रिप्टच्या कडक मोडमध्ये. त्यात आलेखाचं नावही नाही. उद्या एल्ममध्ये जायचं ठरलं तर तेवढीच पुन्हा लिहायची.

जायकवाडीच्या वरचा मराठवाड्याचा पाऊस काढून टाकला, तिथं विसर्ग येईल. मांजराच्या वर पाऊस ठेवलाय.

एक गोष्ट अडलीय. वर्षं एकावर एक ठेवताना १ जूनपासून कितवा दिवस मोजतो, तर लीप वर्षात २९ फेब्रुवारीनंतर सगळं एक दिवस सरकतं. १ मार्च दोन ठिकाणी दिसतो.

देवणी

दिवस मोजू नका. प्रत्येक तारखेचं वर्ष बदलून टाका: जून ते डिसेंबर असेल तर १९९९, जानेवारी ते मे असेल तर २०००. २००० लीप वर्ष, त्यामुळे २९ फेब्रुवारीला जागा आहे. साध्या वर्षात ती एक जागा रिकामी राहील, रेघ तिच्यावरून जाईल. शिवाय अक्षाला खऱ्या तारखा मिळाल्यामुळे महिन्यांची नावं फुकट येतात.

मोजमाप

सिंचन वर्ष १ जुलैपासून धरतात. आवर्तनं, म्हणजे कालव्याला पाणी सोडायच्या पाळ्या, दाखवायची झाली तर ते लागेल.

पूर्णाकाठ

सुरुवातीचा महिना फंक्शनला बाहेरून देतो, काका. आणि देवणी, १९९९-२००० ची युक्ती आत्ताच लावली, १ मार्च जागेवर आला.

हिंगोलीकर

धरणांच्या यादीत येलदरी, सिद्धेश्वर दिसतंय, इसापूर कुठंय? पैनगंगेवरचं म्हणून वगळलं काय? आमचं आणि नांदेडचं अर्धं रान त्या कालव्यावर आहे.

पूर्णाकाठ

वगळलं नाही, आकडे वेगळ्या तक्त्यात येतात म्हणून राहिलं. या आठवड्यात टाकतो. त्याचा मृतसाठा कुणाजवळ असेल तर इथंच द्या, राखाडी पट्टीसाठी लागेल.